सोबत आलेला माणूस

सकाळचे साडेसात. मे महिना. परळच्या रस्त्यावर ऊन अजून उतरलेलं नाही, पण हवा आत्ताच अंगाला चिकटते आहे. कर्करोग रुग्णालयाच्या भिंतीलगत फुटपाथवर रात्र काढलेली माणसं अंथरुणं गुंडाळताहेत. निळ्या ताडपत्रीखाली एक बाई स्टोव्ह पेटवते. कुणी बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरतंय. चहावाल्याभोवती मराठीपेक्षा भोजपुरी आणि बंगाली जास्त ऐकू येते. धर्मशाळेत जागा मिळाली का, हा इथला पहिला प्रश्न. आजार कोणता, हे नंतर.

फाटकावर पहारेकरी खिसे चाचपतो. त्याच्या पायाशी पुठ्ठ्याचं खोकं आहे. त्यात तंबाखूच्या पुड्या, चुन्याच्या डब्या, काडेपेट्या, अर्धीमुर्धी विडीची बंडलं. एक तरुण मुकाट्यानं पुडी खोक्यात टाकतो. टाकण्याआधी शेवटची चिमूट दाढेखाली सरकवतो. पहारेकऱ्याला ते दिसतं. तो पुढच्याला हात वर करायला सांगतो.

आत केसपेपरची रांग. माणसं थोडी, वस्तू जास्त. पाण्याची बाटली, रेक्झिनची पिशवी, एक चप्पल, दुमडलेलं वर्तमानपत्र. ज्याची त्याची जागा धरलेली. मालक भिंतीला टेकून बसलेत. पंखे गरगरताहेत, वारा मात्र खालपर्यंत पोचत नाही. खिडकी उघडायला अजून अवकाश आहे. रांगेतल्या प्रत्येकाच्या काखेत मोठा पाकीटवजा लिफाफा आहे, त्यात फोटो. एक्स-रेला इथे सगळे फोटोच म्हणतात. ‘फोटो काढला’, ‘फोटोत डाग दिसला’, ‘हा जुना फोटो, हा नवीन’. घामानं लिफाफ्याचे कोपरे मऊ पडलेत.

लिफ्टपाशी व्हीलचेअरची गर्दी आहे. मी जिन्यानं निघतो. फुप्फुसाच्या ओपीडीला चाललेला माणूस जिन्याच्या पहिल्याच वळणावर ओळखू येतो. तो कठड्याला धरून थांबतो. बरोबरचा दोन पायऱ्या पुढे जातो, मागे बघतो, परत खाली येतो. ‘सावकाश, घाई नाही’ म्हणतो. घाई दोघांनाही असते. वर नंबर लागून गेला तर पुन्हा बसावं लागेल.

वरच्या पॅसेजमध्ये आधी ऐकू येतो तो खोकला. एक कोरडा, दर मिनिटाला एकदा, जणू सवयीचा. एक ओला, खोलवरून येणारा, संपल्यावर माणूस डोळे पुसतो. एक दाबलेला, रुमालात. रुमाल उघडून आत बघितलं जातं, घाईनं घडी घातली जाते. एक गृहस्थ नंबर विचारतात तर आवाजच फुटत नाही, नुसती हवा. दोन महिने घसा बसलाय म्हणतात. घशाचं औषध घेतलं, गुळण्या केल्या, हळद-दूध झालं. आवाजाच्या तारा हलवणारी डावीकडची शीर छातीत उतरून पुन्हा वर गळ्यात जाते. तिच्या वाटेत गाठ आली की आवाज बसतो. घशात काहीच सापडत नाही, कारण दुखणं घशात नसतंच.

बाकांवर पन्नासेक माणसं असतील. उभे वेगळे. भारतात २०२२ साली फुप्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे ८१ हजार नवे रुग्ण झाले आणि त्याच एका वर्षात सुमारे ७५ हजार जण त्यानं गेले, असा जागतिक नोंदींवरून काढलेला अंदाज आहे. दोन आकड्यांमध्ये फारसं अंतर नाही. का नाही, ते या बाकांवर थोडा वेळ बसलं की कळतं.

‘खोकला कधीपासून?’ ‘दिवाळीपासून.’ दिवाळीला सहा महिने झाले.

तपासणीच्या खोलीचं दार सतत उघडंच असतं. आत एक तरुण निवासी डॉक्टर बसली आहे. समोर नगर जिल्ह्यातले एक काका, साठी ओलांडलेले, पांढरा सदरा, टोपी मांडीवर. मागे त्यांचा धाकटा भाऊ, हातात पिशवी आणि लिफाफा.

‘काका, विडी ओढता?’

‘सोडली, मॅडम.’

‘कधी सोडली?’

‘परवा.’

डॉक्टर हसत नाही. ‘त्याआधी दिवसाला किती?’

‘फार नाही. एक बंडल.’

‘आणि कधीपासून?’

काका भावाकडे बघतात. भाऊच सांगतो, ‘मिसरूड फुटल्यापासून.’

एका बंडलात वीस-पंचवीस विड्या. डॉक्टर केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं गुणाकार करते. रोज वीस सिगारेटचं एक पाकीट, असं वर्षभर ओढलं की एक ‘पॅक-इयर’. जगभर हिशेब याच मापात होतो. विडीला हे माप कसं लावायचं यावर डॉक्टरांचं एकमत नाही. ही डॉक्टर विडी आणि सिगारेट सारखीच धरते. विडीत तंबाखू कमी असते खरी, पण तेंदूच्या पानात गुंडाळलेली विडी सारखी विझते. ती पेटती ठेवायला झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात. कोपऱ्यातलं उत्तर चाळीसच्या वर जातं. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायनं मोजली गेली आहेत. त्यांतली सत्तरच्या आसपास कर्करोग करणारी. विडी नैसर्गिक पानाची, म्हणून कमी वाईट, हा समज आपल्याकडे इतका घट्ट आहे की काका ‘सिगारेट कधीच नाही’ हे वाक्य जरा अभिमानानं म्हणतात.

‘वजन घटलंय?’

‘नाही, तसं काही नाही.’

डॉक्टर त्यांच्या कमरेकडे बोट करते. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली दोन नवी भोकं आहेत. कडा वेड्यावाकड्या. पट्ट्याचं मोकळं टोक पार मागे कमरेपर्यंत गेलंय.

मग ती त्यांना दोन्ही हातांच्या तर्जन्या पुढे करायला सांगते. नखाला नख लावायचं, पाठीला पाठ. ती आधी स्वतःचं करून दाखवते. तिच्या दोन नखांच्या मुळाशी उजेडाची बारीक फट दिसते, शंकरपाळ्याच्या आकाराची. काकांच्या बोटांत फट नाही. बोटांची टोकं फुगून गोल झालीत, नखं वाकलीत, दोन्ही एकमेकांना चिकटून बसतात. हे फक्त कर्करोगातच होतं असं नाही. फुप्फुसाच्या, हृदयाच्या इतर जुन्या दुखण्यांतही होतं. पण विडी, खोकला, वजन आणि हे, एकत्र आलं की डॉक्टरचा चेहरा बदलतो. पॅसेजमध्ये दारापाशी उभे असलेले दोघंतिघं गुपचूप आपापली बोटं जुळवून बघताहेत. मीही बघतो.

लिफाफा उघडतो. पहिला फोटो जानेवारीचा, दुसरा मार्चचा. डॉक्टर फिल्म खिडकीच्या उजेडात धरते. उजव्या बाजूला, वर, गळ्याच्या हाडाखाली पांढुरका डाग. मार्चमध्ये मोठा झालेला. दोहोंच्या मधल्या काळात काकांना टीबीच्या गोळ्या चालू होत्या.

‘बेडका तपासला होता?’

‘फोटो बघूनच चालू केल्या.’

गावातल्या डॉक्टरला दोष देणं सोपं आहे. या देशात दरवर्षी पंचवीस लाखांहून जास्त लोकांना टीबी होतो. खोकला, घटलेलं वजन, बेडक्यात रक्त, फोटोत वरच्या बाजूला डाग, असा माणूस समोर आला की कुणाच्याही मनात आधी टीबीच येणार. बहुतेक वेळा तो अंदाज खराही ठरतो. चुकतं ते पुढे. बेडक्यात जंतू सापडलेला नसतो, गोळ्यांनी महिना-दोन महिन्यांत फरक पडत नाही, तरी ‘कोर्स पुरा करू’ म्हणून सहा महिने जातात. या बाकांवर असे कोर्स पुरे केलेले बरेच बसलेत.

शिवाय फुप्फुस दुखत नाही. त्याच्या मऊ भागात वेदना कळवणाऱ्या नसाच नाहीत. गाठ आत वाढत राहते आणि माणूस ज्वारी काढतो, बाजाराला जातो, लग्नं उरकतो. दुखायला लागतं ते ती फुप्फुसावरच्या आवरणाला, बरगडीला, खांद्याच्या शिरांना पोचल्यावर. काकांचा उजवा खांदा दोन महिने दुखतोय. त्यावर त्यांनी हाडवैद्याकडून पट्टी बांधून घेतली होती.

डॉक्टर सीटी लिहिते, तुकडा काढायची तारीख लिहिते. जास्त काही बोलत नाही. काका टोपी घालून उठतात. मग ती मागे उभ्या असलेल्या भावाला विचारते, ‘आणि तुम्ही?’

‘मी यांच्यासोबत आलोय.’

‘ते दिसलं. तुम्ही ओढता का?’

‘ओढतो की.’ भाऊ थोडा गोंधळतो. ‘पण मला काय होत नाही. खोकलाबिकला काही नाही.’

वय छप्पन. वीस-बाविसाव्या वर्षापासून रोजचं बंडल. धाप नाही, रक्त नाही, पट्टा जुन्याच भोकात. सकाळपासून या मजल्यावर मी बघितलेल्या माणसांत सीटीचा सर्वांत जास्त फायदा ज्याला होऊ शकेल तो हा. आणि त्याच्या नावाचा केसपेपरच नाही.

पॅसेजमध्ये पुन्हा उकाडा. दहा वाजून गेलेत. खिडकीखालून बसचे हॉर्न येतात, सिग्नलला थांबलेल्या ट्रकचा धूर वरपर्यंत जाणवतो. डिझेलच्या धुराला २०१२ साली आणि एकूणच बाहेरच्या प्रदूषित हवेला २०१३ साली कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं गेलं. तंबाखू आहे त्याच गटात. दोहोंचा धोका सारखा, असा त्याचा अर्थ नव्हे. पुरावा पक्का आहे, एवढाच अर्थ. सिगारेटचा धोका कितीतरी मोठा. पण सिगारेट निवडता येते, हवा नाही.

बाकाच्या टोकाला यवतमाळकडची एक मावशी बसली आहे. पदर डोक्यावरून, नाकात ऑक्सिजनची नळी नाही पण श्वास भराभर. छातीतलं पाणी कालच काढलंय. कुणीही विचारायच्या आधीच ती सांगते, ‘मी त कधी मिसरीबी नाई लावली.’ हे तिला आतापर्यंत फार वेळा सांगावं लागलं असणार. इथे हा आजार झालेल्याकडे लोक आधी गुन्हेगारासारखं बघतात, मग रुग्ण म्हणून. मावशीनं चाळीस वर्षं पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांवर स्वयंपाक केला. घराला खिडकी एक. नवरा शेजारी बसून विडी ओढायचा. दुसऱ्याच्या धुरात राहणाऱ्याचा धोका वीस ते तीस टक्क्यांनी वाढतो. घरात जळणाऱ्या कोळशाचा धूर निश्चित कर्करोगकारक मानतात, लाकूड-गोवऱ्यांचा ‘बहुधा’ या रकान्यात आहे. त्या ‘बहुधा’मध्ये आपल्याकडच्या किती चुली आल्या, ते कुणी मोजलेलं नाही.

तिच्या मुलाच्या हातात एका तपासणीचा कागद आहे. त्यावर ईजीएफआर अशी अक्षरं. न ओढणाऱ्या रुग्णांच्या गाठीत हा जनुकीय बदल जास्त वेळा सापडतो. भारतात अॅडिनोकार्सिनोमा या प्रकारात साधारण चौघांत एकाला. तो सापडला तर रोज गोळी घ्यायची. आजार मुळापासून जात नाही, पण माणूस चालता-फिरता राहतो, कधी कधी वर्षानुवर्षं. रिपोर्ट यायला दिवस लागतात. मुलगा दर तासाला खिडकीवर जाऊन विचारून येतो.

सीटीची खोली तळमजल्यावर आहे आणि संपूर्ण इमारतीत थंड तेवढीच. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना दार उघडलं की गार झुळूक लागते, सगळे त्या बाजूला सरकून बसतात. आत गोल कमान, तिच्यातून सरकणारं टेबल. भिंतीमागून टेप लावलेला आवाज येतो. श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा. आजारी माणसाला ‘धरून ठेवा’ जड जातं. मध्येच खोकला येतो, पुन्हा करावं लागतं.

धडधाकट माणसाची कमी मात्रेची तपासणी, लो-डोस सीटी, याच यंत्रावर होते. सुई नाही, सलाइन नाही, उपाशीपोटी यायला नको. एका श्वासात काम होतं. किरणांची मात्रा नेहमीच्या सीटीच्या साधारण चौथा-पाचवा हिस्सा. काचेमागचा तंत्रज्ञ पडद्यावर काप खालीवर सरकवतो. रक्तवाहिन्या फुटत जातात, मिटत जातात. एका जागी तो थांबतो. पाच मिलिमीटरचा ठिपका. ज्वारीच्या दाण्याएवढा म्हणावा तर तेवढाच. साध्या फोटोत हा दिसलाच नसता. बरगडीआड, हृदयाआड, गळ्याच्या हाडाआड फोटोला बरंच काही दिसत नाही. अमेरिकेत दीड लाखाहून अधिक लोकांवर केलेल्या अभ्यासात दरवर्षी फोटो काढूनही या आजाराचे मृत्यू कमी झाले नाहीत. तरी आपल्याकडच्या ‘फुल बॉडी’ पॅकेजांत छातीचा फोटो असतो आणि तो ‘नॉर्मल’ आला की रात्री पुन्हा पाकीट उघडलं जातं. माझ्या मते त्या ‘नॉर्मल’नं नुकसानच जास्त केलंय.

सीटीचं तसं नाही. २०११ साली अमेरिकेतल्याच एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. ५५ ते ७४ वयाचे, तीस पॅक-इयर ओढलेले, ५३ हजारांहून जास्त लोक. निम्म्यांचा तीन वर्षं दरवर्षी लो-डोस सीटी, निम्म्यांचा फोटो. सीटीवाल्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. २०२० साली नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या चाचणीत पुरुषांमध्ये ही घट दहा वर्षांत २४ टक्के निघाली. हे वाचून उठून सीटी काढायला धावायचं कारण नाही. त्याच अमेरिकन चाचणीत दर फेरीत सरासरी चौघांतल्या एकाच्या सीटीत काही ना काही दिसलं, आणि त्यातलं पंचाण्णव टक्क्यांहून अधिक कर्करोग नव्हतंच. साधारण ३२० जण तपासले तेव्हा एकाचा मृत्यू टळला. आपल्याकडे तर जुन्या टीबीचे वण कित्येक छात्यांत असतात. तेही ठिपक्यासारखेच दिसतात.

म्हणून पडद्यावरच्या त्या पाच मिलिमीटरकडे बघून तंत्रज्ञ घाबरत नाही. सहाच्या आतला भरीव ठिपका असेल तर पुढच्या वर्षी पुन्हा सीटी. सहा ते आठ असेल तर सहा महिन्यांनी. आठच्या वर असेल तर लवकर आणि कसून. वाढतोय का, एवढंच बघायचं. बायोप्सीची सुई ऊठसूट कुणाच्या छातीत घालायची नसते.

अमेरिकेतला २०२१ पासूनचा निकष असा: वय ५० ते ८०, किमान २० पॅक-इयर, आणि अजून ओढणारा किंवा गेल्या १५ वर्षांत सोडलेला. ब्रिटनमध्ये सीटीचं यंत्र बसवलेली मोठी गाडी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये येऊन उभी राहते, लोक भाजी घेता घेता छाती तपासून जातात. आपल्या सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांवरच्यांच्या तोंडाची, स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी आहे. फुप्फुसाची नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी सीटीचं यंत्र अपघाताच्या आणि पक्षाघाताच्या रुग्णांनाच पुरत नाही, त्यात धडधाकट माणसाला कोण घेणार? आणि यवतमाळची मावशी तर यातल्या कुठल्याच निकषात बसत नाही. तैवाननं २०२२ पासून घराण्यात हा आजार असलेल्या, कधीच न ओढलेल्या लोकांनाही तपासणीत घेतलंय. आपल्याकडे तिच्यासारख्यांसाठी अजून फक्त एकच इशारा हाताशी आहे, न थांबणारा खोकला.

दुपारचा एक. जिन्याखालच्या छोट्या खोलीत तंबाखूमुक्तीची समुपदेशक बसते. टेबलावर निकोटिनच्या च्युइंगगमचं पाकीट, दोन मिलिग्रॅम आणि चार मिलिग्रॅम. समोर एकच खुर्ची. सकाळपासून ती बहुतेक रिकामी आहे. वरून चिठ्ठी घेऊन आलेला भाऊ दारात घुटमळतो. पिशवी अजून हातात.

‘बसा ना.’

‘आता सोडून काय उपयोग? एवढी वर्षं झाली.’

हा प्रश्न ती रोज ऐकते. सोडल्यावर दहाएक वर्षांनी, ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत, फुप्फुसाच्या कर्करोगानं मरण्याचा धोका साधारण निम्म्यावर येतो. छप्पनचा माणूस तेव्हा सहासष्टचा असेल. ती हे सांगते आणि विचारते, उठल्यावर पहिली विडी किती वेळानं पेटवता? ‘डोळे उघडायच्या आधी,’ भाऊ म्हणतो. ती लिहून घेते. जेवणानंतरची कुठली, चहाबरोबरची कुठली, शेतावरची कुठली. सगळ्यात अवघड कोणती, ते त्यालाच ठरवायला सांगते. भाऊ बराच वेळ विचार करतो. मग म्हणतो, ‘दोघं मिळून ओढतो ती. संध्याकाळची.’

पिशवी खाली ठेवून तो बसतो.

पन्नाशी ओलांडलेली असेल आणि वीस वर्षं रोज पाकीट किंवा बंडल संपवलेलं असेल, तर छातीच्या डॉक्टरांना लो-डोस सीटीबद्दल विचारा. खोकला नसताना विचारा. घरात कुणाचा खोकला दोन आठवड्यांत थांबला नाही, तर बेडका तपासून घ्या. टीबीच्या गोळ्यांनी फरक दिसत नसेल तर सहा महिने वाट बघू नका. सोडायला मदत हवी असेल तर राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १८००-११२-३५६. फोन फुकट आहे.